रत्नागिरीत अडीच दिवस: पाच माणसं, पाच हट्ट

गणपती गावाला गेले की आमच्या घरात दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघतो. या वर्षी मी आधीच सांगून टाकलं, लांब कुठे नको. आम्ही चिपळूणचे. मुलांनी पुणं पाहिलंय, मुंबई पाहिलीय, कोल्हापूर दोनदा झालं. आपलं जिल्ह्याचं ठिकाण मात्र त्यांनी फक्त गाडीच्या खिडकीतून बघितलेलं, तेही कुणाच्या तरी लग्नाला जाता-येता. रत्नागिरीला निघालेला माणूस गणपतीपुळ्याला जातो, नाहीतर पावसला जातो, शहरात थांबत नाही. मला ते शहरच दाखवायचं होतं.

थोरली सहावीत, धाकटा तिसरीत. बरोबर सासूबाई, वय ७६, गुडघे दुखरे आणि हौस दांडगी. अशा पाच जणांना घेऊन फिरायचं तर यादी करून चालत नाही, हे मला मागच्या पुण्याच्या फेरीत कळलं होतं. तिथे आम्ही एका दिवसात सहा ठिकाणं केली. रात्री धाकट्याला विचारलं, काय आवडलं? तो म्हणाला, उसाचा रस. म्हणून या वेळी नियम केला: प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची. ती होणारच. बाकी जमलं तर जमलं.

धाकट्याने दीपगृह मागितलं. थोरलीला थिबा राजवाडा हवा होता, कारण राजाचं नाव मराठी नाही आणि तो इथे कसा आला हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. ह्यांना पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर जायचं होतं. सासूबाईंना पतितपावन मंदिर. मी टिळकांचं जन्मघर घेतलं. गणपतीपुळं यादीत कुणीच घातलं नाही, तेव्हा मला फार बरं वाटलं.

वार ठरवताना एवढंच पाहिलं की सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. म्हणून शुक्रवार ते रविवार. कोकण रेल्वेचं दिवाळीतलं आरक्षण उघडल्या उघडल्या भरतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा त्या दिवशी सकाळीच बसून तिकिटं काढली. धाकट्याला वेगळी सीट हवी होती, त्यामुळे त्याचंही पूर्ण भाडं लागलं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट मिळतं ते सीट न घेता. दोघांना खर्चायला प्रत्येकी २०० रुपये दिले आणि बजावलं, मध्येच आणखी मागायचे नाहीत.

शुक्रवार

वालोप्याच्या स्टेशनवर गाडी वीस मिनिटं उशिरा आली. आल्याबरोबर धाकटा खिडकीत. संगमेश्वर गेलं, उक्षी गेलं, आणि ह्यांनी त्याच्या हातात घड्याळ दिलं. उक्षी आणि भोके या दोन स्टेशनांमध्ये करबुड्याचा बोगदा आहे, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, साडेसहा किलोमीटरचा. काळोख सुरू झाला तसा त्याने श्वास रोखल्यासारखं घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. साडेपाच मिनिटं लागली. मग वहीत भागाकार. थोरलीने मदत केली आणि गाडीचा वेग ताशी ७१ किलोमीटर निघाला. डोंगराच्या पोटातून एवढ्या वेगाने आपण आलो, हे त्याने पुढचे दोन दिवस भेटेल त्याला सांगितलं.

रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब, कुवारबावच्या बाजूला आहे. दोन रिक्षा करून मारुती मंदिराजवळच्या आमच्या लॉजवर पोचलो. तिथे मनस्ताप झाला. सासूबाईंसाठी तळमजल्याची खोली फोनवर दोनदा सांगून ठेवली होती. प्रत्यक्षात मिळाली तिसऱ्या मजल्यावरची, आणि लिफ्ट नाही. काउंटरवरच्या मुलाला आमचं बोलणं आठवतच नव्हतं. तासभर बोलाचाली झाल्यावर मागच्या अंगाची एक खोली खालची निघाली. म्हातारं माणूस बरोबर असेल तर खोलीची गोष्ट फोनवर ठेवू नये. मेसेजमध्ये लिहून घ्यावी आणि उत्तर जपून ठेवावं.

जेवून सगळे दोन तास झोपले. नोव्हेंबरचा पहिला आठवडा असला तरी दुपारी ऊन चांगलंच भाजत होतं. दुपार झोपेला द्यायची हे आधीपासून ठरलेलं होतं, आणि त्या झोपेमुळेच संध्याकाळ हाती लागली.

साडेतीनला थिबा राजवाड्यावर. वाटेत रिक्षात मी थोरलीला गोष्ट सांगायला घेतली. थिबा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. मंडाले त्याची राजधानी. १८८५ मध्ये इंग्रजांनी लढाई करून त्याचं राज्य घेतलं आणि राजाला, राणी सुपायालतला, मुलींना बोटीत बसवून आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये इथे रत्नागिरीला आणून ठेवलं. का इथेच? कारण इथून परत जाणं अवघड. तेव्हा ना रेल्वे होती ना धड रस्ते. घाट ओलांडायचा नाहीतर समुद्राने जायचं.

राजवाडा लांबून दिसतो तेव्हा आधी त्याचं छप्पर नजरेत भरतं. उतरती छपरं, मध्ये अर्धवर्तुळाकार लाकडी कमानी, काही ठिकाणी रंगीत काचा. आपल्याकडच्या वाड्यासारखा नाही, इंग्रजी बंगल्यासारखाही पुरता नाही. आत संग्रहालय आहे. धाकटा पाच मिनिटांत खोल्या फिरून बाहेर मोकळ्या आवारात पळत सुटला, त्याला मी अडवलं नाही. थोरली मात्र पाटीसमोर उभी राहिली. राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास. तिने बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे वळली.

"म्हणजे चोवीस वर्षं तो भाड्याच्या घरात होता?"

हो, सरकारने घेऊन दिलेल्या बंगल्यांत.

"आणि इथे किती वर्षं राहिला?"

१९१६ च्या डिसेंबरमध्ये तो इथेच गेला. सहा वर्षं फक्त. तिने ते वहीत लिहिलं: २४ वाट बघितली, ६ राहिला. इतिहासाच्या पुस्तकात सनावळ्या पाठ करताना वैतागणारी माझी मुलगी स्वतःहून वजाबाक्या करत होती, आणि मला तिच्याकडे बघून भरून आलं.

मग राजाच्या मुलींचं निघालं. चौघी होत्या. धाकट्या दोघी राज्य गेल्यावर जन्मल्या, तिसरी मद्रासला आणि सगळ्यात धाकटी इथे रत्नागिरीतच. "त्या शाळेत जायच्या?" हा तिचा पहिला प्रश्न. "त्यांना मैत्रिणी होत्या?" हा दुसरा. राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणी ब्रह्मदेशात परतली. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीलाच येऊन राहिली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. तिची मुलगी टूटू रत्नागिरीत चारचौघींसारखी मराठी बोलत आयुष्यभर राहिली. ब्रह्मदेशाच्या राजाची नात आपल्या बाजारात मराठीत घासाघीस करत असेल, हे ऐकून थोरली गप्प झाली. मग आजीला जाऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं.

राजाची समाधीही शहरात आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले होते. तिकडे जायला त्या दिवशी वेळ उरला नाही, कारण सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि थिबा पॉइंट गाठायचा होता.

थिबा पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी, खाडीवरचा पूल, राजीवड्याची वस्ती आणि पलीकडे भाट्याचा लांबलचक किनारा, सगळं एकदम दिसतं. खाडी काठोकाठ भरलेली होती. राजा दुर्बिणीतून समुद्रातली जहाजं बघत बसायचा असं सांगतात. सासूबाई कठड्याजवळच्या बाकावर बसल्या आणि खाडीकडे बघून म्हणाल्या, "आज सप्तमी ना? मग सव्वापाचला भरली असणार."

धाकट्याने विचारलं, आजी तुला कसं कळलं?

"तिथीची पाऊणपट कर. सात गुणिले पाऊण किती?"

तो थबकला. पाऊणपट त्याला अजून शिकवलेली नाही. आजीने बोटांनी करून दाखवलं. सातच्या चौथाया केल्या, तीन घेतल्या, सव्वापाच. आपल्या किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान् पिढ्या असंच भरतीची वेळ काढत आले. अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते ती अशी. सासूबाईंचं माहेर दाभोळ खाडीच्या काठचं. होडीच्या वेळा सांभाळायला त्यांना लहानपणी हे पाठ करावं लागे. वीस वर्षं मी त्या घरात आहे. त्यांना हे येतं, ते मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं.

धाकट्याने वहीत लिहिलं, "उद्या ६". आणि मला बजावलं की उद्या सहा वाजता आपण समुद्रावर पाहिजेच.

शनिवार

सकाळी साडेसहाला ह्यांनी मुलांना उठवून मिरकरवाड्याला नेलं. मीही गेले. सासूबाई झोपल्या होत्या. जेटीवर पाय ठेवायला जागा नसते. ट्रॉलर लागलेले, बर्फाचा भुगा पसरलेला, टोपल्या डोक्यावरून चाललेल्या, आणि सगळीकडे ओरडा. बांगड्यांचे ढीग चांदीसारखे चमकत होते. म्हाकूल बघून धाकट्याने नाक मुरडलं आणि मग वाकून त्याचे डोळे बघत बसला. एका बाजूला लिलाव चालला होता. बोली इतकी भरभर की थोरलीला आकडा समजेपर्यंत टोपली उचललेली असे. मुलांना पायात बंद बूट घालायला लावले होते ते बरं झालं, कारण जमीन निसरडी असते. आणि कुणाच्या वाटेत उभं राहायचं नाही, हे आधीच समजावलं होतं. ती त्यांच्या कामाची जागा. आपण बघे. एका मावशींनी थोरलीला सरंगा आणि पापलेट यांतला फरक दाखवला, हातातलं काम न थांबवता. आम्ही अर्धा किलो सुरमई घेतली आणि दुपारी ओळखीच्या खानावळीत तळून मागितली. घरच्या चवीची झाली.

न्याहारीला आंबोळ्या, मग टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, या घरातला. वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते. टिळक दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेलं. कौलारू घर, पुढे अंगण, आत लाकडी खांब आणि उंबरे. आपल्याकडची चांगली जुनी घरं अशीच असत. मला हे घर त्याच्यासाठीच दाखवायचं होतं: एवढा मोठा माणूस आपल्यासारख्याच घरात रांगला. धाकट्याने आत शिरताच विचारलं, "शेंगा कुठे खाल्ल्या होत्या?" तिथल्या माणसाने हसून सांगितलं, ती गोष्ट शाळेतली, हे घर. मग तो खोलीखोलीतून फिरला आणि जन्माच्या खोलीत जरा वेळ शांत उभा राहिला.

तिथून पतितपावन. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ उभं राहावं म्हणून आग्रह धरला, आणि भागोजीशेठ कीरांनी ते बांधून दिलं. फेब्रुवारी १९३१ मध्ये ते खुलं झालं. भागोजीशेठ मूळचे रत्नागिरीचेच, गरिबीत वाढलेले, मुंबईत जाऊन मोठे झाले. सासूबाई गाभाऱ्यासमोर बऱ्याच वेळ हात जोडून उभ्या होत्या. बाहेर पायरीवर बसल्यावर त्यांनी मुलांना सांगितलं, त्यांच्या लहानपणी गावच्या देवळात पालखीच्या दिवशी एका वाडीतली माणसं कुंपणाबाहेर उभी राहायची. त्यांच्याच वयाची एक मुलगी त्यांत असायची. तिच्याबरोबर त्या ओढ्यावर खेळायच्या, आणि पालखीच्या दिवशी ती बाहेर. "मी आईला विचारलं, ती आत का नाही? आईने गप्प केलं." थोरलीने विचारलं, मग तू काय केलंस? त्या म्हणाल्या, "काही नाही केलं. ते अजून लागतं." हे देऊळ त्यांनी का मागितलं होतं, ते तेव्हा उलगडलं.

जाता जाता जयस्तंभाच्या बाजूला नगर वाचनालय बाहेरून दाखवलं. १८२८ सालचं आहे. एवढं जुनं वाचनालय आपल्या जिल्ह्यात आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि पुढच्या खेपेला थोरलीला आत नेऊन तासभर बसवायचं मी ठरवलंय.

दुपारी पुन्हा झोप. मत्स्यालयाचं मनात होतं, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे, पण मुलांचे पाय बघून सोडून दिलं.

साडेतीनला रत्नदुर्ग. किल्ला घोड्याच्या नालेसारखा पसरलेला, तिन्ही बाजूंनी समुद्र. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे आणि दीपगृह वेगळ्या टेकाडावर. इथे दीपगृह १८६७ पासून आहे. ते ठरावीक वेळेतच लोकांना उघडं असतं, त्यामुळे आधी तिथे गेलो. सासूबाई खाली सावलीत बसल्या, त्यांच्याजवळ थांबायला मी राहिले. धाकटा, थोरली आणि ह्यांनी वर चढून पाहिलं. उतरला तेव्हा धाकट्याचा चेहरा फुललेला होता. भिंगं केवढाली आहेत, एवढ्या लांबून प्रकाश कसा दिसतो, सगळं एका दमात सांगत होता. भगवतीच्या बाजूला मात्र आम्ही तटावर जाऊन आलो. तिथून मिरकरवाडा खाली पूर्ण दिसतो. सकाळी जिथे चिखलात उभे होतो ती जेटी आता एवढीशी. उत्तरेला पांढऱ्या वाळूचा किनारा, दक्षिणेला मांडवीची काळी वाळू. एकाच किल्ल्याच्या दोन बाजूंना दोन रंग. थोरलीला दोन्हीकडची चिमूटभर वाळू आणायची होती म्हणे, वेळ मांडवीपुरताच होता.

पावणेसहाला आम्ही मांडवीवर होतो. गर्दी चांगली होती, भेळेच्या गाड्यांवर रांगा. धाकटा कुणाकडे न बघता पाण्याकडे गेला. त्याने वाळूत काठीने रेघ ओढली, पाणी रेघेला लागलं की वर दुसरी, मग तिसरी. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस असल्याने पाणी फार चढत नव्हतं. उधाण असतं तर रेघ ओढायला वाळूच राहिली नसती, असं आजीने सांगितलं. तिसऱ्या रेघेपाशी लाटा दोनदा आल्या, मग आल्या नाहीत. त्याने घड्याळ बघितलं. सहा वाजून बारा मिनिटं. तो ओरडत आजीकडे धावला, "बाराच मिनिटांचा फरक!" सूर्य तेवढ्यात बुडाला होता, डोक्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र. भेळ खाताना त्याने आजीच्या गालाला चिंच लावून ठेवली आणि त्या काही बोलल्या नाहीत.

रविवार

सकाळी भाट्ये. पाणी उतरणीला लागलेलं, लांबच लांब किनारा मोकळा. मुलांनी दीड तास फक्त खेकड्यांची बिळं शोधली. पोहू दिलं नाही. अनोळखी पाण्यात उतरायचं नाही, घोट्यापर्यंतच. किनाऱ्याच्या पाठीमागे नारळ संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी अशी झाडं एकत्र लावायची लाखी बाग इथूनच कोकणभर गेली. आमच्या परसात चार माड आहेत, त्यामुळे ह्यांना तिथेच रमायचं होतं. थोडक्यात आटपावं लागलं.

बाजारात मुलांचे २०० रुपये सुटले. थोरलीने आंबापोळी घेतली, शाळेतल्या मैत्रिणीसाठी आणि उरली तर घरासाठी. धाकट्याने शंखांची माळ घेऊन आजीला दिली आणि १४० रुपये परत आणले.

परतीला मुद्दाम एसटी धरली. महिलांना अर्धं तिकीट, त्यात थोरली आणि मी. धाकटाही अर्ध्या तिकिटात, आणि सासूबाई पंचाहत्तरी पार केलेल्या म्हणून त्यांना तिकीटच नाही. पूर्ण पैसे भरले ते एकट्या ह्यांनी. हातखंब्याला गाडी हायवेला लागली तशी सगळे पेंगायला लागले. संगमेश्वरला थोरली जागी झाली. संभाजी महाराजांना इथेच पकडलं ना, एवढं विचारून पुन्हा झोपली.

सावर्ड्याच्या पुढे धाकट्याने आजीला हलवून उठवलं. त्याच्या मांडीवर वही उघडी होती. उद्या दशमी. दहाची पाऊणपट त्याने चौथाया मांडून स्वतः काढली होती, साडेसात. गोवळकोटला वाशिष्ठीत भरतीचं पाणी येतं, तिथेही साडेसातलाच येईल का?

"नाही रे," सासूबाई म्हणाल्या, "खाडीतून वर चढायला पाण्याला वेळ लागतो. तिथे उशिरा."

"किती उशिरा?"

"ते तू बघून सांग."

त्याने साडेसातच्या पुढे अधिकचं चिन्ह काढलं, पुढची जागा मोकळी ठेवली आणि वही मिटली.